लाल रेषेची गोळी: कुणाला, कधी आणि किती दिवस?



गेल्या पावसाळ्यात मी आपल्या प्रभागातल्या गटांची कर्ज रजिस्टरं बघत होते. अंतर्गत कर्जाचं कारण लिहायच्या रकान्यात बियाणं, शाळेची फी, शेळी, शिलाई मशीन असं सगळं असतं आणि त्यामध्ये पुन्हा पुन्हा एक शब्द येतो, ‘दवाखाना’. विचारलं की कळतं, ऑपरेशन वगैरे काही नव्हतं. पोराला हगवण लागली म्हणून सलाईन लावली. सर्दी-खोकला हटत नव्हता म्हणून तीन इंजेक्शनं झाली. अंगात कसकस होती, ‘पॉवरच्या’ गोळ्या दिल्या. हजार, पंधराशे, अडीच हजार. गटाचं कर्ज व्याजासकट फेडायचं, आणि त्यातल्या कितीतरी औषधांची त्या आजाराला गरजच नव्हती.

म्हणून या अंकात जंतूंबद्दल लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, माझं शिक्षण समाजकार्याचं. अमुक गोळी घ्या, तमुक नका घेऊ, असं मी सांगणार नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि ते विचारायचे तर जंतू म्हणजे काय हे थोडं माहीत पाहिजे.

जंतू सगळे एका घरचे नसतात

‘जंतू’ म्हटलं की आपल्याला सगळे एकसारखे वाटतात. तसं नाही. आजार करणाऱ्या जंतूंच्या मोठ्या जाती धरा चार: जिवाणू, विषाणू, बुरशी आणि मलेरियासारखे परजीवी.

जिवाणू तुम्ही रोज पाळता. दुधाला विरजण लावता ना, ते जिवाणूच. चमचाभर विरजणातले जिवाणू रातभर वाढतात आणि सकाळी पातेलंभर दही होतं. थंडीत दही लवकर लागत नाही, उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतं, कारण त्यांना ऊब आवडते. ते इतके बारीक की हजार जिवाणू एका रांगेत उभे केले तर रांग होईल जेमतेम एक मिलीमीटर. आणि वाढतात किती? आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जिवाणू असतो. त्याला ऊब आणि खाणं भरपूर मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. हिशोब करून बघा, सात तासांत एकाचे वीस लाखांवर जातात. सगळेच जिवाणू वाईट नसतात हे दह्यावरून कळलंच. टीबी, टायफॉईड, कॉलरा, लघवीतली जळजळ, गळू, ही मात्र वाईट जिवाणूंची कामं.

विषाणू जिवाणूंपेक्षाही कितीतरी लहान. त्याचं स्वतःचं घर नाही. तो आपल्या शरीरातल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या नकला करून घेतो. सर्दी, फ्लू, डेंग्यू, गोवर, कांजिण्या, करोना हे सगळे विषाणूंचे आजार. लहान मुलांची हगवणही बऱ्याचदा विषाणूमुळेच होते. त्यातल्या रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडावाटे फुकट देतात.

बुरशी म्हणजे गजकर्ण, नायटा, पायाच्या बोटांमधली चिखली. परजीवी म्हणजे मलेरिया, जो रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणीही फुकट, औषधही फुकट.

आता मुद्द्याचं. मेडिकलमध्ये ज्याला आपण ‘अँटिबायोटिक’ म्हणतो ते औषध फक्त जिवाणूंसाठी आहे. विषाणूवर त्याचा काडीइतका परिणाम होत नाही. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग नावाच्या डॉक्टरांच्या बशीत जिवाणू वाढत होते. त्यात चुकून बुरशी पडली आणि बुरशीच्या आजूबाजूचे जिवाणू विरघळून गेले. त्यातून पेनिसिलीन आलं. पेनिसिलीन काय करतं, तर जिवाणूच्या अंगाभोवती जी भिंत असते ती नीट बांधू देत नाही. भिंत कच्ची राहिली की जिवाणू फुटतो. विषाणूला अशी भिंतच नसते, मग औषध पाडणार काय?

याची साक्ष दुधाचा धंदा करणाऱ्या तायांच्या घरातच आहे. गाईच्या कासेला दगडी झाली की जनावरांचे डॉक्टर अँटिबायोटिक देतात. त्या दिवसांतल्या दुधाला विरजण लावून बघितलंत का? दही नीट लागत नाही, कारण दुधात उतरलेलं औषध विरजणातल्या जिवाणूंनाही मारतं. म्हणून तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं आणि घरातही वापरायचं नसतं.

सर्दीचं पिवळं शेंबूड आणि ‘टायफॉईड निघाला’

सर्दी, नाक गळणं, घसा धरणं, बारीक ताप हे बहुतेक वेळा विषाणूचं. आठवडाभरात, दहा दिवसांत शरीर स्वतःच बरं करतं. शेंबूड पिवळं झालं म्हणजे अँटिबायोटिक हवंच, ही समजूत घरोघरी आहे. पण साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळं-हिरवं होतं, कारण त्यात आपल्याच शरीराच्या लढाऊ पेशी मेलेल्या असतात. ताप असेल तर पॅरासिटामॉल, गरम पाणी, मिठाच्या गुळण्या, आराम. (आराम म्हटल्यावर तुम्ही हसणार, माहीत आहे मला.)

डेंग्यूचंही तेच. डेंग्यूच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. भरपूर पाणी, तापाला पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांची देखरेख हाच इलाज. डेंग्यूची शंका असताना ‘अंग दुखतंय, दर्दचं इंजेक्शन मारा’ म्हणू नका. काही वेदनाशामक औषधांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर पोटात जोराने दुखायला लागलं, सारखी उलटी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, तर तो धोक्याचा काळ आहे. ताप गेला म्हणून घरी थांबू नका.

आणि टायफॉईड. ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्त तपासतात, कागदावर ‘विडाल’ लिहिलेलं असतं आणि ‘टायफॉईड निघाला’ म्हणून पाच-सात दिवस इंजेक्शनं होतात. पहिल्या आठवड्यात ही तपासणी भरवशाची नसते. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल किंवा लस घेतली असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खरी तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घ्यायचं आणि त्यात जंतू वाढतो का बघायचं. वर्षात तीनदा टायफॉईड झाला असं सांगणाऱ्या ताया मला भेटतात. मला तरी वाटतं, त्यातले काही ताप टायफॉईडचे नव्हतेच.

पण एक गोष्ट याच दमात सांगते, नाहीतर उलटाच अर्थ निघेल. अँटिबायोटिक वाईट नाही. जिथे लागतं तिथे ते जीव वाचवतं आणि तिथे उशीर परवडत नाही. लहान मुलाला खोकला आहे आणि श्वास जोरात चालला आहे, तर मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल तर त्याच वेळी १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. अशा बाळाच्या पोटाला डागण्या देण्यात रात्र घालवू नका.

बोंडअळीने जे केलं ते जंतू करतात

‘घेतली एखादी गोळी जास्तीची, तर बिघडलं काय?’ हा प्रश्न एका बैठकीत एका काकूंनी मला विचारला. सरळ उत्तर द्यायला मला कपाशी आठवली.

बीटी कपाशी आपल्या देशात २००२ मध्ये आली. सुरुवातीला बोंडअळ्या पटापट मरायच्या. पण कोट्यवधी अळ्यांमध्ये दोन-चार अशा असतात की त्यांना ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या. त्यांचीच पिलावळ वाढली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात काय हाल केले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बोंड बाहेरून चांगलं, आत सडलेलं, वेचायला गेलं तर हाती कवडी. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची छोटी पुडी यायची, ती शेताच्या कडेने लावायची होती, म्हणजे साध्या अळ्याही टिकल्या असत्या आणि चिवट अळ्यांचं राज्य झालं नसतं. लावली किती जणांनी?

जंतूंचं अगदी असंच होतं. आपण अँटिबायोटिक घेतो तेव्हा कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. गरज नसताना घेतलं, तर सर्दीच्या विषाणूला काहीच होत नाही, पण आपल्या आतड्यातले गरीब जिवाणू मरतात आणि चिवटांना जागा मोकळी होते. (गोळ्या सुरू केल्यावर जुलाब होतात ते बऱ्याचदा यामुळेच.) आणि जिवाणू अळीच्या एक पाऊल पुढे आहेत. एका जिवाणूला औषधातून वाचायची युक्ती सापडली की तो ती शेजारच्या जिवाणूला देऊन टाकतो, भले तो दुसऱ्या जातीचा असेना. आपण शेजारणीला लोणच्याची कृती सांगतो तसं. अळीला पुढची पिढी जन्माला घालावी लागते, याला तेवढीही वाट बघावी लागत नाही. स्वतः फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पुरस्कार घेताना इशारा दिला होता, की लोक कमी मात्रेत पेनिसिलीन घेतील आणि जंतूंना त्याची सवय लावतील.

म्हणजे काकूंच्या प्रश्नाचं उत्तर असं: जास्तीच्या गोळीने आज काही बिघडलेलं दिसत नाही. बिघडतं ते पुढे, जेव्हा खरी गरज पडते तेव्हा. सुनेच्या बाळंतपणात टाक्यांना पू होतो, नातवाला न्यूमोनिया होतो, आणि पन्नास रुपयांची गोळी काम करत नाही.

उन्हाळी लागते तेव्हा

हे पुढचं आपल्या बायकांचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लघवीला जळजळ, सारखी लघवी लागते पण थेंब थेंब होते, ओटीपोटात दुखतं. आपण म्हणतो ‘उन्हाळी लागली’. उष्णता झाली म्हणून सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी. पाणी पिणं चांगलंच. पण उन्हाळी दोन दिवसांत गेली नाही तर ती नुसती उष्णता नसते. आतड्यातला तोच ई. कोलाय लघवीच्या मार्गात शिरलेला असतो. बाईचा लघवीचा मार्ग पुरुषापेक्षा खूप आखूड, म्हणून जंतूला वर पोचायला वेळ लागत नाही. त्यात आपण काय करतो? वेचणीला गेलो की दिवसभर आडोसा नाही, म्हणून पाणीच पीत नाही आणि लघवी दाबून ठेवतो. लघवी वाहती राहिली तर जंतू धुऊन जातात, साठली की तिथे विरजण लागतं. शौचाला गेल्यावर पुढून मागे धुवावं, मागून पुढे नाही, हे मुलींनाही लहानपणीच शिकवा.

आपल्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. वर्षभरात तिला तीनदा उन्हाळी लागली. तिन्ही वेळा मेडिकलमधून सांगून गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवल्या. डॉक्टरांकडे जायचं तर ‘कुठे दुखतं’ ते सांगायची लाज. चौथ्या वेळी हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखायला लागलं. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढला होता. लघवीची कल्चर तपासणी केली तर नेहमीच्या तीन औषधांपुढे ‘आर’ लिहून आलं. शेवटी दाखल होऊन शिरेतून इंजेक्शनं घ्यावी लागली. ताई बरी झाली. गटाचं कर्ज अजून फेडते आहे.

ते ‘आर’ काय असतं? कल्चर तपासणीत लघवीचा थेंब एका चपट्या बशीत लावतात. बशीत जंतूंचं खाणं घातलेली जेलीसारखी खळ असते. ती उबेत ठेवली की जंतू वाढतात. मग जंतूंवर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात, खरंच आपल्या टिकलीएवढ्या. ज्या टिकलीभोवती मोकळं गोल वर्तुळ पडतं ते औषध चालतं, त्यापुढे ‘एस’ लिहितात. ज्या टिकलीला चिकटून जंतू खुशाल वाढतात ते चालत नाही, तिथे ‘आर’. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात.

त्या बशीतली जेली कुणी सुचवली माहीत आहे? फॅनी हेस नावाच्या बाईने. तिचे पती वॉल्टर हेस जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करायचे. जंतू वाढवायला तेव्हा जिलेटिन वापरत, ते उन्हाळ्यात वितळून जायचं. १८८१ साली फॅनीने सांगितलं, मी माझ्या जेलीला आणि पुडिंगला आगर वापरते, ते वितळत नाही. समुद्री शेवाळापासून होणारं हे आगर म्हणजे आपल्याकडे किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतं तेच. तिला ते एका शेजाऱ्याकडून कळलं होतं, तो जावा बेटावर राहून आला होता. पुढच्या वर्षी कॉख यांनी टीबीचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं, त्यांच्या लेखात आगरचा उल्लेख आहे, फॅनीचा नाही. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू तिच्या स्वयंपाकघरातल्या युक्तीवरच वाढवतात.

तर, उन्हाळी पुन्हा पुन्हा लागत असेल तर डॉक्टरांना विचारा, ‘लघवीचं कल्चर करायचं का?’ नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा. आधी जागा पाण्याने धुवायची, सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली स्वच्छ डबीत धरायची. गरोदर बाईने तर त्रास नसला तरी लघवी तपासून घ्यावी, कारण गरोदरपणात जळजळ न होताही जंतू असू शकतात आणि त्याचा इलाज करावा लागतो. साखरेचा आजार असलेल्या तायांनीही उन्हाळी अंगावर काढू नये.

सलाईनच्या बाटलीत काय असतं?

अर्धा लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाचा पाऊण चमचा. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे. बाकी पाणी. ‘कमजोरी आली, एक बाटली लावा’ म्हणून आपण किती पैसे देतो ते तुम्हीच बघा. माणूस बेशुद्ध असेल, तोंडाने काहीच घेता येत नसेल, सारखी उलटी होत असेल, तर सलाईन जीव वाचवते. गिळता येत असेल तर तेच काम ओआरएस करतं.

ओआरएस म्हणजे काही गरिबांचं दुय्यम औषध नव्हे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजली. शंभरात तीसेक माणसं दगावत होती, ते प्रमाण चाराच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. यामागची गंमत अशी की हगवण चालू असतानाही आतडं साखरेच्या सोबतीने मीठ आत घेतं आणि मिठाच्या मागे पाणी जातं. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ-पाणी पाजलं तर हे जमत नाही. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. पूर्ण पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात एकाच वेळी घालायचं, थोडं थोडं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय होतो, म्हणून अंदाजपंचे घालू नका.

सोबत झिंकची गोळी १४ दिवस, हगवण थांबली तरी. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, त्यापुढच्या मुलाला पूर्ण २० मिलिग्रॅमची. आशाताईकडे दोन्ही फुकट मिळतं. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवायचं.

अँटिबायोटिक कधी? शौचातून रक्त पडलं, किंवा भाताच्या पेजेसारखे पांढरे जुलाब धो धो होत असतील तर डॉक्टर ठरवतील. मूल सुस्त पडलं, पीत नाही, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली जाते, या वेळी घरगुती उपाय बंद करायचे आणि ओआरएस पाजत पाजत दवाखान्यात पळायचं.

गजकर्णाचं मलम

हे थोडक्यात. गजकर्ण बुरशीचं. मेडिकलमध्ये ‘खाज बंद’ म्हणून जी मिश्र मलमं मिळतात त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉईड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरते, आणि मग गजकर्ण वर्षानुवर्षं जात नाही. घेण्याआधी ‘यात स्टेरॉईड आहे का?’ एवढं विचारा. घरात एकाला असेल तर टॉवेल, अंथरूण वेगळं ठेवा, कपडे उन्हात वाळवा. इलाज सगळ्यांचा एकदम करा.

टीबी: इथे गोळी थांबवायची नाही

आत्तापर्यंत मी गोळी कमी घ्या म्हणते आहे. टीबीचं उलट आहे.

टीबीचा जंतूही जिवाणूच, पण आळशी. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ दिवस लागतो. तो दबा धरून बसतो. म्हणून साध्या टीबीलाही सहा महिने औषध: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. एकच औषध दिलं असतं तर त्याला न जुमानणारे जंतू उरले असते, म्हणून तीन-चार एकदम. महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं आणि नेमकं तेव्हाच गोळ्या सुटतात. कापणीचे दिवस, माहेरी जाणं, ‘आता बरी आहे’. उरलेले चिवट जंतू पुन्हा उठले की तो औषधाला न जुमानणारा टीबी असू शकतो. त्याचाही इलाज आहे, पण औषधं वेगळी आणि त्रास जास्त. आणि तो जंतू खोकल्यातून तसाच घरातल्या दुसऱ्या माणसाला लागतो.

गोळ्या सुरू केल्यावर लघवी केशरी होते. ती रिफाम्पिसिन या औषधाच्या रंगाने होते, घाबरून गोळ्या बंद करू नका. पण डोळे पिवळे झाले, सारखी उलटी झाली, दिसायला कमी आलं, तर लगेच दाखवा.

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त, यातलं काहीही असेल तर बेडका तपासा. मशीनवर होणारी तपासणी जंतू आहे का हे तर सांगतेच, रिफाम्पिसिन त्याच्यावर चालेल का हेही सांगते. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. बँक पासबुक आधारशी जोडलेलं नसेल तर आपली बँक सखी मदत करेल.

टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो. गळ्यातल्या गाठी, मणका, गर्भपिशवीच्या नळ्या इथेही होतो. मूल होत नाही म्हणून जिला बोल लावतात तिला कधी कधी हा आजार असतो आणि कुणी तपासलेलंच नसतं. सुनेला टीबी निघाला की ‘माहेरी पाठवा’ म्हणणारी घरं मला माहीत आहेत. योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तिच्यापासून लागण होण्याचा धोका बहुतेक संपतो. ताट वेगळं करायची गरज नाही, टीबी ताटातून पसरत नाही. खोकताना तोंडावर पदर, घरात हवा-उजेड, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी. एवढं पुरे.

आता पुढच्या बैठकीचं काम

गोळ्यांच्या पट्टीच्या मागे उभी जाड लाल रेषा असते. २०१६ पासून सरकार या रेषेबद्दल सांगतं आहे: ही असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. रेषा असलेलं प्रत्येक औषध अँटिबायोटिक असतंच असं नाही, पण अँटिबायोटिकच्या पट्टीवर ती असते.

डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा आजार जिवाणूचा आहे की विषाणूचा?’ आणि ‘ही गोळी किती दिवस, दिवसातून किती वेळा?’ सांगितले तितके दिवस घ्या. मधे सोडू नका, स्वतःहून लांबवूही नका. उद्धटपणा वाटेल अशी भीती काही तायांना वाटते. मला मात्र असे डॉक्टर भेटले आहेत जे म्हणतात, ‘इंजेक्शन दिलं नाही तर पेशंट दुसरीकडे जातो, म्हणून देतो.’ म्हणजे आपणच ‘सुई द्या’ म्हणायचं थांबवलं तर त्यांनाही सोपं जाईल.

पुढच्या मासिक बैठकीला येताना घरातल्या डब्यातल्या, देव्हाऱ्याजवळच्या, फ्रीजवरच्या सगळ्या उरलेल्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. आशाताई येणार आहेत. लाल रेषेच्या वेगळ्या काढू, मुदत संपलेल्या वेगळ्या, आणि नको त्या आरोग्य केंद्रात नेऊन देऊ. नाल्यात, उकिरड्यावर टाकू नका, तिथेही जंतूच असतात. ज्यांच्याकडे पाच वर्षांखालची मुलं आहेत त्यांनी चहाचा चमचा आणि एक लिटरची बाटली आणा, ओआरएस तिथेच बनवून बघू. सचिव ताईंनी किती पट्ट्या जमल्या ते इतिवृत्तात लिहून ठेवावं.